चार ओळींची जागा

आसेगाव,
आषाढ वद्य तृतीया, शके १८५६

प्रिय इस्माईल,

सोजरबाईच्या हातून पाकीट घेशील, अक्षर ओळखशील आणि न फोडताच खिडकीतल्या फळीवर भिरकावशील, हे मला इथे बसून दिसतं आहे. भिरकावू नकोस. रागाने फाडायचं तर वाचून झाल्यावर फाड. नाही, फाडूही नकोस, का ते शेवटी कळेल. आसेगावाहून कारंजापर्यंत गाडीच्या धक्क्यांनी सोजरबाई खिळखिळी झाली असेल. तिला आधी पाणी दे, बसव आणि तिच्यासमोर वाच. तुझ्या अम्मीला, अमिरुन्निसा चाचींना, सलाम सांगायची माझी छाती नाही. त्यांनी विचारलं तर शालिग्रामचं पत्र आलं एवढंच सांग.

चावडीवरच्या चौकशीला बारा दिवस झाले. या बारा दिवसांत मी आपल्या पुस्तकाच्या एकशे नऊ प्रती गाठल्या. आपण छापल्या होत्या चारशे. प्रत्येक प्रतीत, ज्वारीवरच्या काणी रोगाच्या प्रकरणापाशी, हाताने लिहिलेली चिठ्ठी खळीने चिकटवतो, की मोरचुदाचं विष लावलेलं, पेरून उरलेलं बी कुणी खाऊ नका. शाळेतून रजा घेतली आहे. मंगरुळपीरचा बाजार झाला, शेलूचा झाला, अनसिंगचा दोनदा झाला. बाजारात उभा राहून ओरडतो. घसा पार बसला. लोक म्हणतात, मास्तरच्या डोक्यावर परिणाम झाला. झालाही असेल. पण उरलेल्या दोनशे एक्याण्णव घरांत कुठे मडक्यात, कुठे गाडग्यात ते निळसर झाकेचं बी आज या घटकेला पडून आहे. दुबार पेरणी करावी लागली तर असू दे, म्हणून लोकांनी ठेवलं आहे. आता दुबार पेरायची वेळ गेली. बारा-तेरा दिवसांनी श्रावण लागेल, घरातली ज्वारी तळाला जाईल आणि मग बायका तेच मडकं खाली काढतील. मला झोप नाही, जेवण जात नाही. डोळ्यांसमोर सारखी मडकी दिसतात.

आणि पुस्तक कुणी हातात देत नाही रे! शेलूच्या बाजारात एकाला म्हटलं, दे, चिठ्ठी लावतो, तर त्याने ते पोटाशी धरलं. म्हणाला, "नाई मास्तर, बुक नाई देत मी. माहा बैल फुगला व्हता, ह्याच बुकानं वाचवला." आणि भर बाजारात, चिखलात, माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. दुसऱ्या एका गावी पाटलाच्या भाच्याने अख्खं पुस्तक हाताने उतरवून लेकीच्या सासरी धाडलं आहे. त्यावरून तिच्या दिराने आणखी एक उतरवून घेतलं. चारशेची किती झाली, आता देव जाणे. आपलं पुस्तक भिकार असतं तर किती बरं झालं असतं, इस्माईल. फळीवर पडून राहिलं असतं, उंदरांनी खाल्लं असतं, आणि एकही जीव गेला नसता.

तुला आठवतं, हे सुरू कसं झालं? मी शेतकीची कुठली कुठली माहितीपत्रकं गोळा करून त्यांचं सुरेख पुस्तकी मराठी केलं होतं, आणि तू पहिलंच पान वाचून म्हणाला होतास, "मास्तर, हे वाचून मले माहं नावच आठोत नाई." मी आठ दिवस तुझ्याशी अबोला धरला. मग रागारागाने ते पान सोजरबाईला वाचून दाखवलं. तिला म्हटलं, मी एकेक ओळ वाचतो, तू तसं तसं कर, मी मधे बोलणार नाही. तिला अक्षर येत नाही, पण पेरताना तिफणीमागे चाडं धरून त्यातून तीस वर्षं बी सोडलेला तिचा हात. दुसऱ्याच ओळीवर तो थांबला. मी लिहिलं होतं, थोडे पाणी घालावे. ती म्हणाली, "थोडं म्हंजे कोनाचं थोडं? तुहं का माहं?" त्या दिवशी मला लिहिणं म्हणजे काय ते कळलं. मास्तरकी शिकवणाऱ्या नॉर्मल स्कूलच्या दोन वर्षांत कळलं नव्हतं.

मग आपली रीतच झाली ती. मी वाचायचं, तिने करायचं आणि मी तोंडावर मूठ दाबून गप्प बसायचं. तिचा हात थांबला की समजायचं, इथे एक ओळ कमी आहे. बैलाची पोटफुगी, विहिरीत टाकायचं लाल औषध, विंचू, कणगीतले किडे, सगळं असं तिच्या अंगणातून गेलं. दोन वर्षं लागली. तू छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवताना म्हणायचास, "पुस्तक तू लिवतं, पन पास-नापास सोजरबाई करते." खरं होतं. लोकांना ते पुस्तक आपलं वाटलं ते त्यामुळेच. त्यात कुणी शहाणपणा शिकवत नव्हतं. जिथे हात अडतो, तिथे नेमकी ओळ भेटत होती.

काणीचं प्रकरण मात्र मला सगळ्यांत लाडकं. कणसात दाण्याच्या जागी काळी भुकटी पाहून माणूस कसा खचतो, ते आपण दोघांनी लहानपणापासून पाहिलं आहे. मोरचुदाच्या पाण्यात बी बुडवून वाळवलं की ती काणी येत नाही. केवढं सोपं आणि केवढं मोठं! सोजरबाईने तेही सगळं करून पाहिलं. मोरचूद मातीच्या मडक्यातच का भिजवायचं, किती वेळ ढवळायचं, सावलीत कसं पसरायचं, हात किती वेळा धुवायचे. सगळं झालं, ओळीला ओळ लागली. मी मूठ तोंडावरून काढली. तेव्हा टोपली पुढे करून ती म्हणाली, "अन् उरलं तं?"

मला तेव्हा ओटी आठवली. आपल्याकडे पेरणीचं शेवटचं तास संपलं की टोपलीतलं उरलेलं बी घरी परत न्यायचं नाही. चाडं धरणारीला कुंकू लावून ते तिच्या ओटीत घालायचं. ओटी रिकामी गेली तर शेत रागावतं, असं मानतात. मी तिथेच अंगणात बसून चार ओळी लिहिल्या, की हे बी कुणाच्या ओटीत घालू नये, खाऊ नये, जनावरापुढे टाकू नये, पुरून टाकावे. लिहिल्या होत्या, इस्माईल. सोजरबाईला वाचून दाखवल्या होत्या. तिने मान हलवली होती.

अनसिंगच्या जानरावाने पुस्तक घेतलं ते तुझ्याच फेरीवाल्याकडून. तीन एकरांचा धनी, वाचता येणारा, मोठा नेमाचा माणूस. पुस्तक मांडीवर ठेवून त्याने एकेक ओळ पाळली. पेरणी संपली, त्याच्या बायकोने रुपाबाईची ओटी भरली. रुपाबाई त्याच्याकडे सात वर्षं चाडं धरते. मी जानरावाला विचारलं, अरे, तुला शंका नाही आली? तो माझ्यावर चिडला नाही, हेच मला सोसत नाही. म्हणाला, "आली व्हती. मंग बुकात पाह्यलं. बुकात समदं व्हतं मास्तर. हात कितीक खेपा धुवा, थे बी व्हतं. मंग ह्याच्यात धोका असता तं तुमी लिवलं नसतं का?" म्हणजे पुस्तक नसतं तर हा माणूस स्वतःच्या शंकेवर चालला असता, कुण्या म्हाताऱ्याला विचारलं असतं. आपण इतकं नीट लिहिलं की त्याने विचारायचंच सोडलं.

रुपाबाईची लेक हेमला सात वर्षांची. तापातून उठलेली, तोंडाला चव नाही, आणि तिने घुगऱ्या मागितल्या. पुष्कळ दिवसांनी पोरीने काही मागितलं, म्हणून रुपाबाईने ओटीतलं ते बी शिजवलं आणि सगळं तिच्यापुढे ठेवलं. स्वतः बुडाशी राहिलेले दोन घास खाल्ले. दोघींना उलट्या झाल्या. रुपाबाई उठली. हेमला उठली नाही.

मी तिच्या घरी गेलो होतो. का गेलो, मलाही सांगता येत नाही. तिने शिव्या दिल्या असत्या, धोंडा फेकला असता तर बरं वाटलं असतं. तिने मला बसायला पोतं टाकलं. मग कोनाड्यातून जानरावाकडून मागून आणलेलं आपलं पुस्तक काढलं आणि माझ्यापुढे धरलं. म्हणाली, "मास्तर, तिथं काय लिवलं हाय थे मले वाचून दाखवा. मी थे ओटीतलं बी दोन खेपा धुतलं व्हतं. तीन खेपा धुवायचं व्हतं का?" मी पुस्तक हातात घेतलं. ते पान मला पाठ आहे. त्यावर तिच्यासाठी एक अक्षर नव्हतं. मी म्हणालो, तुमचं काही चुकलं नाही. तिने पुन्हा विचारलं, मग काय लिहिलं आहे? मी उठून बाहेर आलो. शिकलेला माणूस, आणि एका बाईच्या सरळ प्रश्नासमोरून पळून आलो.

आता चावडीचं. तुला वाटत असेल, हा चावडीपाशी येणारच नाही, वळसे घालत राहील. चौकशीचे साहेब खुर्चीवर होते, तू डाव्या हाताला उभा होतास, डोक्यावर टोपी नव्हती, ती तू हातात चुरगाळत होतास. साहेबांनी तुला विचारलं, ही सूचना पुस्तकात का नाही? तू म्हणालास, "मास्तरनं देल्लं थे छापलं, साहेब." एवढंच. आणि माझ्याकडे पाहिलंस. मग त्यांनी मला विचारलं, तुमच्या हस्तलिखितात ती सूचना होती का? मी म्हणालो, होती. खोटं नव्हतं ते. एकच शब्द, आणि तोही खरा. ते म्हणाले, ते पान कुठे आहे? मी म्हणालो, सापडत नाही. मागून कुणीतरी म्हणालं, छापखानेवाल्यानेच गाळलं मग. आणि सगळी चावडी तुझ्याकडे वळली. त्याच दिवशी तुझ्या छापखान्याला कुलूप लागलं. चावडीवर तू वाट पाहत होतास, मी पुढचा शब्द कधी बोलतो त्याची. मी चपला शोधत होतो.

पुढचा शब्द आज लिहितो. ते चैत्रातले दिवस. पुस्तकाचा मागचा फर्मा आधीच छापून झाला होता, पहिल्या पानापासूनच्या सोळा पानांच्या फर्म्यात जे बसेल तेच बसवायचं होतं, आणि तू म्हणालास, चार ओळी जास्त होतात. कोणत्या काढायच्या ते विचारायला तू हस्तलिखितच माझ्यापुढे ठेवलंस. आणि स्वतःच म्हणालास, "तुह्या नावाखालच्या चार ओळी काढून टाक ना. नाव तं वरतं हायच." पहिल्या पानावरच्या त्या ओळी! की प्रस्तुत लेखक नॉर्मल परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण असून आसेगाव येथील शाळेचे मुख्य शिक्षक आहेत, वगैरे वगैरे. मी म्हणालो, बघतो. काढायला त्याच सोप्या होत्या. पण मला वाटलं, हे पुस्तक वर्‍हाडभर जाईल, नागपूरपर्यंत जाईल, कुणी मोठा माणूस पाहील, आणि त्यात मी कोण हे नको का असायला? मग मी काणीपर्यंतची पानं उलटली आणि लाल शाईने ओटीच्या चार ओळी खोडल्या. तू म्हणालास, "ह्या नोको काढू." मी म्हणालो, निळं बी कोण खाईल रे, एवढी अक्कल सगळ्यांना असते. आणि हसलो. तूही मग माझ्या भरवशावर हसलास. सोजरबाईचा हात जिथे थांबला होता, तीच ओळ मी काढली, आणि माझा पहिला वर्ग ठेवला.

ते पान हरवलेलं नाही. छपाई झाल्यावर तू हस्तलिखित मला परत दिलंस, नेहमी देतोस तसं. ते माझ्या ट्रंकेत, धोतराच्या घडीखाली होतं. चावडीवर जायच्या आधी मी ते बघून गेलो होतो.

असा मी आहे. पहिलीपासून तू मला ओळखतोस असं तुला वाटत असेल, पण एवढा नसशील ओळखत.

मला वाटलं, पायपीट करून भरून काढीन. कुणाला न सांगता चारशे चिठ्ठ्या लावीन, मग तुझ्याकडे येऊन पाय धरीन. होत नाही रे. बारा दिवसांत एकशे नऊ, आणि पुढची कुठे आहेत तेच माहीत नाही. कोणत्या बाजारात, कोणत्या फेरीवाल्याकडे किती गठ्ठे गेले, ते तुझ्या वहीत आहे, आणि वही कुलपाच्या आत. अकोल्याला एका छापखान्यात जाऊन पाहिलं. चौकशीतलं काम घेत नाही म्हणाले, त्यांचंही बरोबर आहे. शेलूपलीकडे एका घरी दोन पोरं उलट्या करून वाचली, हे परवा कळलं. त्यांच्याकडे आपलं पुस्तक नव्हतं, उतरवून घेतलेली वही होती. म्हणजे हजारभर चिठ्ठ्या छापून, दवंडी पिटून, प्रत्येक बाजारात, प्रत्येक पिठाच्या गिरणीवर लागल्या पाहिजेत, आणि श्रावणाआधी. ते फक्त तू करू शकतोस. आणि तुझ्या हाताला कुलूप मी लावलं आहे.

काल मी सोजरबाईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "रडू नोको आता. वाच, काय लिवलं चिठ्ठीत." मी वाचलं, ओटीत घालू नये. ती म्हणाली, "असं कोनी आयकनार नाई. ओटी रिकामी कोन धाडते? ओटीचं बी आंधीच बाजूले काढून ठेवा म्हना." मी वाचलं, पुरून टाकावे. ती म्हणाली, "किती खोल? कुत्रं उकरते." म्हणजे माझ्या खोडलेल्या ओळीसुद्धा कच्च्याच होत्या. त्या दिवशी तिने मान हलवली ती मी लिहून घेतलं म्हणून, आणि मी तिला करून पाहू दिलंच नाही, कारण मला घाई होती. यातून मला सुटका शोधायची नाही. कच्च्या असत्या तरी रुपाबाईच्या कानावर गेल्या असत्या. आता नव्याने लिहिलं आहे. तिच्या अंगणात खड्डा खणून, धोंडा ठेवून पाहिलं आहे. हात कुठे थांबला नाही:

ओटीचं बी मोरचुदात घालायच्या आधीच वेगळं काढून ठेवा.
मोरचुदाचं उरलेलं बी कितीही धुतलं तरी विष जात नाही.
ते माणसाने खाऊ नये, ढोरापुढे टाकू नये, कुणाला देऊ नये.
हातभर खोल खड्ड्यात पुरा आणि वर धोंडा ठेवा.

आता हे पत्र का लिहिलं ते. पाकिटात ते हस्तलिखिताचं पान ठेवलं आहे, माझ्या लाल शाईसकट. ते आणि हे पत्र घेऊन आजच्या आज साहेबांपुढे जा. सोजरबाई सोबत आहे, तिने त्या ओळी ऐकल्या होत्या, ती तसं सांगेल. मी स्वतः का आलो नाही असं विचारशील. उद्या येतोच आहे, नोकरी जाईल, चौकशी माझ्यावर येईल, येऊ दे. पण तोंडाने मी पुन्हा एकच खरा शब्द बोलून थांबेन, ही मला भीती वाटते, म्हणून माझ्या आधी माझं अक्षर पाठवतो आहे, म्हणजे मला माघार घेता येणार नाही. कुलूप निघालं की पहिल्यांदा चिठ्ठी छाप, माझ्याशी बोलायचं की नाही ते नंतर ठरव. आणि एक ऐक. पुस्तकात ती काणीच्या पानावर लावू नकोस, तिथपर्यंत सगळेच जात नाहीत. पहिल्या पानावर, माझ्या नावाखाली, त्या चार ओळींवर चिकटव. मी पट्टी लावून पाहिली आहे. बरोबर बसते.

तुझाच, तू अजून म्हणू दिलंस तर,
शालिग्राम